मालवाहू पिकअप गाडी उंच करण्याच्या संचाची निवड

शेतातील माल बांधावरून हमरस्त्यापर्यंत व तेथून बाजारपेठेपर्यंत नेण्याचे जे काम पूर्वी बैलगाडी करीत असे, ते आता बहुतेक गावांत पिकअप गाडी करीत आहे. ही गाडी डांबरी सडकेवर उत्तम चालते. परंतु काळ्या जमिनीतील पाणंद, ओढ्याचा उतार, चाकोऱ्यांमधील उंचवटा व शेताचा बांध अशा ठिकाणी तिचे पोट घासते, सायलेन्सर तुटतो, कधी डिझेलच्या टाकीला पोचा येतो. अशा वेळी गाडी उंच करणारा संच बसवून घ्यावा, असा सल्ला गॅरेजमधून अथवा शेजाऱ्यांकडून मिळतो. हा सल्ला काही प्रसंगी योग्य असतो. पुष्कळ प्रसंगी मात्र तो पैसा वाया घालविणारा आणि क्वचित प्रसंगी जिवावर बेतणारा ठरतो. म्हणून संच घेण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पाहाव्यात, कोणता संच कोणत्या कामाचा व कोठे थांबावे, ह्याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ती शेतकऱ्यांना प्रत्यक्ष गाडीजवळ उभे राहून समजावून द्यावी.

१. उंची दोन प्रकारची असते

बैलगाडीचे उदाहरण घेतल्यास हा विषय लवकर ध्यानात येईल. बैलगाडीची साटी कितीही उंच बांधली, तरी तिचा आस चाकाच्या मध्यापेक्षा वर जात नाही. आस वर न्यावयाचा असेल तर चाकच मोठे करावे लागते. जुन्या लाकडी गाडीची चाके एवढी मोठी असत, त्याचे एक कारण हेच होते.

पिकअप गाडीच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. पाट्यांवर बसलेल्या गाडीचा मागील आस चाकांना जोडलेला असतो. त्या आसाच्या मधोमध डिफरन्शियलचा फुगीर भाग असतो व बहुधा तोच गाडीतील जमिनीला सर्वांत जवळचा भाग होय. गाडी उंच करण्याचा संच आस व चासी ह्यांमधील अंतर वाढवितो. त्यामुळे चासी, हौदा, टाकी, सायलेन्सर व बंपर वर जातात. आस मात्र होता तेथेच राहतो. आसाची उंची केवळ टायरचा व्यास वाढविल्याने वाढते, आणि तीही व्यासातील वाढीच्या निम्मीच. टायरचा व्यास ७०० मिलिमीटरवरून ७५० मिलिमीटर केला, तर आस फक्त २५ मिलिमीटर वर जातो.

ह्यावरून पहिला नियम निघतो. गाडीचा कोणता भाग घासतो हे समजल्याशिवाय कोणताही संच विकत घेऊ नये.

२. प्रथम मोजमाप करावे

मोजमापासाठी टेप, खडू व वही एवढेच साहित्य पुरे आहे. गाडी सपाट सिमेंटच्या ओट्यावर किंवा फरशीवर उभी करावी. चारही टायरमधील हवा निर्मात्याच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे भरून घ्यावी. नंतर पुढील नोंदी कराव्यात.

(अ) रिकाम्या गाडीच्या प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर. ह्या अंतरात टायरचा संबंध येत नाही, म्हणून पाट्यांची खरी अवस्था ह्यावरून कळते.

(आ) हेच अंतर नेहमीचा भार भरल्यानंतर.

(इ) जमिनीपासून डिफरन्शियल, डिझेलची टाकी, सायलेन्सर, पुढील आडवी पट्टी व यू-बोल्टची खालची टोके ह्यांची उंची.

(ई) पाणंदीतील चाकोरीची सर्वांत जास्त खोली. दोन्ही चाकोऱ्यांवर आडवी काठी ठेवून तिच्यापासून चाकोरीच्या तळापर्यंत माप घ्यावे.

डाव्या व उजव्या बाजूच्या मापांत १५ मिलिमीटरहून अधिक फरक आढळल्यास एका बाजूचा पाटा थकला आहे किंवा मोडला आहे असा संशय घ्यावा. पाट्यांच्या मधला बोल्ट, टोकांचे बुश व शॅकल, म्हणजे पाट्याच्या टोकाची झुलती कडी, हेही तपासावे. कित्येक वेळा गाडी मुळात ठेंगणी नसते. जादा भार वर्षानुवर्षे वाहून तिचे पाटे बसलेले असतात. अशा गाडीस नव्या संचाची गरज नाही. मूळ मापाचे नवे पाटे व बुश बसविले की तिची गेलेली उंची परत मिळते, आणि निर्मात्याच्या मूळ मापाबाहेर काहीही बदल होत नाही.

३. घासते काय ते पाहावे

गाडीच्या खालील ओरखडे हा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार होय. ते पाहून पुढीलप्रमाणे निर्णय घ्यावा.

डिफरन्शियल घासत असेल तर पाट्यांखाली ठोकळे घालून काहीही उपयोग होणार नाही. निर्मात्याने त्या गाडीस मान्य केलेला मोठ्या व्यासाचा टायर असल्यास तो बसवावा. अन्यथा मधला उंचवटा खणून चाकोऱ्या मुरमाने भराव्यात.

टाकी, सायलेन्सर किंवा चासीचा मधला भाग बांध ओलांडताना टेकत असेल, तर गाडी थोडी उंच करण्याचा उपयोग होतो. मागचा किंवा पुढचा बंपर ओढ्याच्या उतारावर टेकत असेल तरीही उपयोग होतो. परंतु त्याआधी हौशीने जोडलेले लोखंडी गार्ड, पायऱ्या व लोंबती कडी काढून पाहावीत. पुष्कळदा तीच घासत असतात.

माल भरल्यावर टायर मडगार्डला लागत असेल तर भार जास्त आहे अथवा पाटे थकले आहेत.

गाडी चिखलात रुतून चाके जागच्या जागी फिरत असतील, तर तो उंचीचा प्रश्नच नव्हे. तेथे टायरची नक्षी, दोन्ही आसांना शक्ती देणारी रचना आणि मुख्यतः पाणंदीतील पाण्याचा निचरा हेच उपाय होत.

४. उंची वाढली म्हणून वहनशक्ती वाढत नाही

ह्या बाबतीत फार मोठा गैरसमज आहे. जादा पाटा घातला की जादा माल नेता येतो, असे समजले जाते. पाटा जाड झाल्याने गाडी बसत नाही एवढेच. आस, बेअरिंग, टायर, चासी व ब्रेक ह्यांची शक्ती पूर्वीइतकीच राहते. उलट, पूर्वी गाडी बसलेली दिसल्यामुळे चालकाला जो इशारा मिळत असे तो नाहीसा होतो.

भाराचा हिशेब नोंदणी प्रमाणपत्रावरून करावा. समजा, प्रमाणपत्रात गाडीचे एकूण अनुज्ञेय वजन ३,००० किलो व रिकाम्या गाडीचे वजन १,६५० किलो आहे. फरक १,३५० किलो. त्यातून चालक व एक मदतनीस ह्यांचे १३० किलो वजा जाता १,२२० किलो उरतात. टोमॅटोच्या क्रेटमध्ये २० किलो माल आणि क्रेटचे स्वतःचे सुमारे २ किलो, असे २२ किलो धरल्यास ५५ क्रेट बसतात. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात निघालेल्या शेतकऱ्याने क्रेटचे वजन हिशेबात धरले नाही, तर तो ६१ क्रेट भरतो व नकळत १२० किलोंहून अधिक जादा भार वाहतो. गाडीवर बसविलेले लोखंडी गार्ड, जाळी व उंच करण्याचा संच ह्यांचेही वजन ह्याच १,२२० किलोंतून वजा करावयाचे असते.

५. उंची वाढविण्याच्या पद्धती

पाट्यांखालील ठोकळा : आस व पाटा ह्यांमध्ये पोलादी ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळतात. ही स्वस्त पद्धत आहे. हा ठोकळा फक्त मागील आसावर घालावा. पुढील आसावर, जेथे स्टिअरिंग आहे तेथे, तो कदापि घालू नये. एकावर एक दोन ठोकळे रचू नयेत. लाकडाचा, पाइपच्या तुकड्याचा अथवा गावात वेल्डिंग करून तयार केलेला ठोकळा वापरू नये. ठोकळा जितका उंच, तितका ब्रेक लावताना व चढावर जोर देताना आस पिळला जातो.

जादा पाटा : असलेल्या पाट्यांमध्ये एक पाटा वाढवितात. उंची थोडी वाढते, पण गाडी कडक होते. भार आल्यावरच टेकणारा मदतनीस पाटा हा ह्याहून बरा प्रकार आहे, कारण रिकाम्या गाडीचा मऊपणा त्याने फारसा कमी होत नाही.

लांब शॅकल : शॅकलची लांबी जितकी वाढवावी, त्याच्या सुमारे निम्मी उंची आसाजवळ मिळते. परंतु पाट्याचा कल बदलल्यामुळे आसही किंचित फिरतो व शाफ्टचा कोन बिघडतो. लांब शॅकलमुळे गाडी बाजूलाही हेलकावते. म्हणून ही पद्धत मालवाहू गाडीस विशेष योग्य नाही.

पुढील स्प्रिंगवरील चकती अथवा टॉर्शन बार आवळणे : काही गाड्यांना पुढे गुंडाळीची स्प्रिंग असते, काहींना टॉर्शन बार असतो, तर काहींना पुढेही पाटेच असतात. गाडीखाली वाकून प्रथम हे पाहून घ्यावे. टॉर्शन बार आवळला की गाडी वर येते, पण बारची शक्ती वाढत नाही. केवळ चाकाची खाली जाण्याची हालचाल कमी होते व खड्ड्यात चाक आदळते.

संपूर्ण संच : नवे पाटे किंवा स्प्रिंग, त्यांच्या मापाचे लांब शॉक ॲब्सॉर्बर, यू-बोल्ट, बुश व आवश्यक त्या पट्ट्या ह्यांचा जुळवून दिलेला हा संच असतो. तो महाग असतो, पण सर्व भाग एकमेकांस अनुरूप असल्याने संच घ्यावयाचाच झाल्यास हाच प्रकार निवडावा.

चासी व हौदा ह्यांमधील ठोकळे : ह्याने फक्त केबिन व हौदा वर जातात. चासी, टाकी व आस होते तेथेच राहतात. पोट घासण्याच्या तक्रारीवर ह्याचा उपयोग नाही आणि तोल मात्र बिघडतो. शेतकऱ्यांनी ह्या पद्धतीच्या वाटेस जाऊ नये.

६. उंची वाढल्याने काय बिघडते

गाडी ज्या उंचीसाठी घडविलेली असते, त्या उंचीशी तिचे अनेक भाग जुळविलेले असतात. उंची बदलली की पुढील गोष्टींवर परिणाम होतो.

तोल : दोन चाकांमधील निम्म्या अंतरास गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले असता जो आकडा येतो, तो जितका लहान तितकी गाडी लवकर कलंडते. उदाहरणार्थ, दोन चाकांमध्ये १,४०० मिलिमीटर अंतर आहे व भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य ९०० मिलिमीटरवर आहे. आकडा ०.७८ येतो. गाडी ७५ मिलिमीटर उंच केली की तो ०.७२ होतो. त्याच गाडीवर क्रेट किंवा पोती उंच रचून गुरुत्वमध्य १,१२५ मिलिमीटरवर गेला की तो ०.६२ होतो. म्हणजे उंच केलेल्या गाडीवर उंच थर रचणे हे एका धोक्यावर दुसरा धोका ठेवणे होय. घाटातील वळणावर आणि एका बाजूने खचलेल्या पाणंदीत ह्याचा प्रत्यय येतो.

ब्रेक : हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असून त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. अनेक मालवाहू गाड्यांत मागील आस व चासी ह्यांना जोडणारी एक दांडी असते आणि तिच्या टोकाशी ब्रेकच्या तेलाचा दाब ठरविणारी झडप असते. माल भरला की चासी खाली येते, दांडी हलते व झडप मागील चाकांस अधिक दाब देते. गाडी रिकामी असेल तेव्हा तीच झडप दाब कमी करते, म्हणजे मागील चाके घसरत नाहीत. आता आस व चासी ह्यांमध्ये ठोकळा घातला, तर भरलेली गाडीही त्या झडपेस रिकामी वाटते. परिणामी माल भरलेला असताना मागील चाकांचा ब्रेक कमी लागतो आणि घाट उतरताना सर्व ताण पुढील ब्रेकवर येतो. म्हणून संच बसविल्यावर ही दांडी निर्मात्याच्या मापाप्रमाणे पुन्हा जुळविलीच पाहिजे. जो मेस्त्री ही झडप कोठे आहे हे दाखवू शकत नाही, त्याच्याकडून हे काम करून घेऊ नये.

ब्रेकची नळी व तारा : आस खाली लोंबू लागल्यावर ब्रेकची रबरी नळी, हँडब्रेकची तार व चाकाजवळील विजेच्या तारा ताणल्या जातात. नळी ताणली तर ती आज ना उद्या फुटते.

स्टिअरिंग : केवळ मागील बाजू उंच केली तर गाडी नाकावर झुकते, पुढील चाकांचा कल बदलतो व वेगात स्टिअरिंग हलके होऊन गाडी भरकटते. पुढील बाजू उंच केली तर चाकांची जुळणी बिघडून टायर एका कडेने झिजतात.

शाफ्ट : गिअरबॉक्सपासून आसाकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन वाढतो. विशिष्ट वेगास गाडी थरथरू लागली व क्रॉसचे सांधे वारंवार खराब होऊ लागले, तर हा कोन बिघडला असे समजावे.

दिवे : झोत वर जातो व समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

वेग व ओढ : मोठे टायर घातले असता वेगमापक कमी वेग दाखवितो. व्यास ७०० वरून ७५० मिलिमीटर झाल्यास काटा ६० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ६४ किलोमीटर वेगाने धावत असते. चढावर गाडीची ओढही कमी होते.

७. शेतमालाच्या दृष्टीने विचार

उंच करण्याच्या संचातील पाटे बहुधा मूळ पाट्यांहून कडक असतात. कडक पाट्यांची गाडी पूर्ण भारावर ठीक चालते, पण अर्ध्या भारावर ती उसळते. टोमॅटो, द्राक्षे, डाळिंब, केळी असा नाजूक माल अशा उसळण्याने ठेचतो. वरच्या थरातील फळांवर दाब नसल्यामुळे ती क्रेटमध्ये अधिक हलतात व मागील आसाच्या मागे ठेवलेल्या क्रेटना धक्के जास्त बसतात. लागलेला मार त्याच दिवशी दिसत नाही. तो दुसऱ्या दिवशी लिलावात दिसतो आणि त्याची किंमत शेतकऱ्यासच मोजावी लागते.

म्हणून वर्षातून चार वेळा जो सर्वांत मोठा भार भरला जातो त्यावरून पाटे निवडू नयेत. बहुतेक दिवशी जो भार असतो त्यावरून निवडावेत. एक महिनाभर प्रत्येक फेरीची नोंद वहीत ठेवावी. वीस फेऱ्यांपैकी चार पूर्ण भाराच्या, दहा निम्म्या भाराच्या व सहा रिकाम्या आढळल्यास मध्यम शक्तीचे पाटे व जोडीस मदतनीस पाटा ही योग्य निवड ठरेल. केवळ कांदा किंवा विटा वाहणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी आणि द्राक्षे वाहणाऱ्या गाडीची वेगळी.

८. कायद्याची मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निर्णयात हाच अर्थ स्पष्ट केला. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जादा भाराबद्दल कलम १९४ मध्ये २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

ह्याचा व्यवहारातील अर्थ असा. बाजारात संच मिळतो म्हणून तो सडकेवर चालतोच असे नाही. संच घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात व गाडीच्या अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी करावी व उत्तर लेखी घ्यावे. विमा कंपनीसही कळवावे. न कळविलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याच्या दाव्यात वाद निर्माण होऊ शकतो व त्या वादाची झळ जखमी माणसाच्या घराला लागते.

९. संच निवडताना विचारावयाचे प्रश्न

विक्रेत्यास पुढील प्रश्न विचारावेत व उत्तरे वहीत लिहून घ्यावीत.

हा संच माझ्या गाडीच्या ह्याच नमुन्यासाठी व ह्याच वर्षाच्या बनावटीसाठी आहे काय?

रिकाम्या गाडीवर किती मिलिमीटर उंची मिळेल व पूर्ण भारावर किती राहील?

प्रत्येक पाट्याची किंवा स्प्रिंगची भारशक्ती किती?

शॉक ॲब्सॉर्बर संचाबरोबर आहेत काय? त्यांची पूर्ण ताणलेली व पूर्ण दाबलेली लांबी किती?

यू-बोल्ट नवे आहेत काय? जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, म्हणून ते पुन्हा वापरू नयेत.

ब्रेकची झडप जुळविण्याची सूचना पुस्तिकेत आहे काय?

बुश रबराचे आहेत की पॉलियुरेथेनचे? रबराचे बुश धक्के अधिक शोषून घेतात. पॉलियुरेथेनचे टिकाऊ असले तरी कडक असतात व धुळीत आवाज करतात.

उंचीच्या बाबतीत लोभ धरू नये. शेतकामाच्या गाडीस २५ ते ५० मिलिमीटर वाढ बहुधा पुरेशी होते. त्याहून अधिक वाढीची गरज भासत असेल, तर दुरुस्ती गाडीस नव्हे, रस्त्यास हवी असे समजावे.

१०. बसविताना व बसविल्यानंतर

गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याखाली कोणीही जाऊ नये. भक्कम स्टँड लावावेत. पाट्यास किंवा पाट्यावर वेल्डिंग करू नये, कारण उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते व पाटा तेथेच मोडतो. शॅकलचे व पाट्याच्या टोकांचे बोल्ट चाके जमिनीवर टेकवून, गाडी आपल्या वजनावर उभी असताना शेवटचे आवळावेत. चाके लोंबत असताना आवळल्यास रबरी बुश पिळले जाऊन लवकर फाटतात.

काम झाल्यावर चासी उचलून चाके पूर्ण खाली सोडावीत आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून ब्रेकची नळी कोठेही ताणली जात नाही हे स्वतः पाहावे. त्यानंतर चाकांची जुळणी करून घ्यावी. संच बसविण्यापूर्वीच गाडी भिंतीपासून ८ मीटरवर उभी करून दिव्याच्या झोताच्या वरच्या कडेवर खडूने खूण करून ठेवावी. नंतर त्याच अंतरावरून झोत त्या खुणेवर आणावा.

यू-बोल्ट पहिल्या १०० किलोमीटरनंतर व पुन्हा ५०० किलोमीटरनंतर पुस्तिकेतील मापाने आवळावेत. पहिली फेरी निम्म्या भाराने, दिवसा व ओळखीच्या रस्त्याने करावी. मोकळ्या जागी हळू वेगात ब्रेक दाबून गाडी एका बाजूस ओढते काय हे पाहावे.

११. काही शंका व समाधान

शंका : मागील आसावर ठोकळे घालून काम भागेल, तर संपूर्ण संच कशाला?
समाधान : ठोकळ्याबरोबर लांब शॉक ॲब्सॉर्बर, नवे यू-बोल्ट, ब्रेकच्या झडपेची जुळणी व दिव्यांची जुळणी हे सर्व करावेच लागते. ते न केल्यास जुना शॉक ॲब्सॉर्बर खड्ड्यात पूर्ण ताणला जाऊन त्याची पकड तुटते. हा सर्व खर्च धरला असता ठोकळा वाटतो तितका स्वस्त पडत नाही.

शंका : टायरमधील हवा वाढविली तर गाडी उंच होईल काय?
समाधान : नाममात्र. उलट टायर कडक होऊन माल ठेचतो व टायरची मधली नक्षी झिजते. हवा निर्मात्याने भारानुसार सांगितली असेल तेवढीच ठेवावी.

शंका : उंच गाडीत मजुरांना हौद्यातून नेले तर?
समाधान : मालवाहू गाडीच्या हौद्यातून माणसे नेणे कायद्याने मना आहे. हौद्यात उभ्या राहिलेल्या माणसांमुळे गुरुत्वमध्य आणखी वर जातो व वळणावर ती एका बाजूस झुकतात. गाडी कलंडली तर क्रेट फुटतात, ते पुन्हा आणता येतात. खुरपणीस निघालेल्या बायामाणसांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. मजुरांसाठी प्रवासी वाहनाचीच सोय करावी.

शंका : पाणंदच खराब असेल तर एकट्या शेतकऱ्याने काय करावे?
समाधान : एका पाणंदीवर दहा-पंधरा शेतकऱ्यांच्या गाड्या चालतात. प्रत्येकाने स्वतंत्र संच घेण्याऐवजी त्याच पैशांत मुरूम टाकून दोन्ही बाजूंस चर काढणे बहुधा स्वस्त पडते. महाराष्ट्रात २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना सुरू करण्यात आली होती. आज कोणती योजना लागू आहे व तिच्यासाठी कोणता ठराव हवा, ह्याची चौकशी ग्रामपंचायत व तहसील कार्यालयात करावी.

१२. गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील पिकअप गाड्यांचे मालक व चालक ह्यांना एकत्र बोलावून तासाभराचे प्रात्यक्षिक घ्यावे. एका गाडीची वर सांगितलेली मापे सर्वांसमक्ष घ्यावीत. घासल्याच्या खुणांवर खडू फिरवावा. ब्रेकची झडप व तिची दांडी प्रत्येकास वाकून पाहावयास लावावी. नोंदणी प्रमाणपत्रावरून प्रत्येकाने आपल्या गाडीत बसणाऱ्या क्रेटची अथवा पोत्यांची संख्या काढून ती हौद्याच्या आतील बाजूस रंगाने लिहावी. एवढे केल्यावर संच घ्यावयास निघालेल्यांपैकी कित्येकांस नवे बुश, एक बदललेला पाटा किंवा पाच-सहा क्रेट कमी भरणे एवढ्यावरच आपले काम भागते असे दिसून येईल.

सारांश

प्रथम मोजावे. मग थकलेले पाटे, बुश व टायरमधील हवा मूळ स्थितीस आणावी. नंतर रस्ता सुधारावा. एवढे करूनही चासीचे पोट घासत असेल व नियमांत बसत असेल, तरच थोड्या उंचीचा संपूर्ण व जुळलेला संच जाणत्या मेस्त्रीकडून बसवावा. संच बसविल्यावर ब्रेकची झडप, नळ्या, चाके व दिवे जुळविल्याखेरीज गाडीत माल भरू नये. गाडी उंच झाली तरी तिची वहनशक्ती तेवढीच आहे व तिचा तोल पूर्वीपेक्षा नाजूक झाला आहे, हे चालकाने प्रत्येक फेरीस ध्यानात ठेवावे.